दर महिन्याचा क्राफ्ट बॉक्स की रविवार पेठेतली एक पिशवी: वर्षभर वापरून लिहितेय

गेल्या जूनमध्ये लेक नर्सरीत गेली तेव्हा तिला तीन पूर्ण होऊन दोन महिने झाले होते, आता ज्युनिअर केजीत जाईल. या वर्षभरात तिच्यासाठी क्राफ्टचं, चिकटवायचं-कापायचं-रंगवायचं जे जे सामान घरात आलं त्यातलं काय चाललं आणि काय तसंच कपाटात पडलं ते सविस्तर लिहितेय, कारण शाळेच्या ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतंच की सुट्टीत मुलांना काय आणून देऊ. प्रत्येक वेळी तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, फ्लॅट दोन बीएचके, घरात दीड वर्षाचा धाकटाही आहे, हे आधीच सांगते म्हणजे मी काय मोजून काय म्हणतेय ते कळेल.

सुरुवात बॉक्सपासून. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशा बऱ्याच कंपन्या आहेत आणि माझ्या दोन मैत्रिणींकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे येतात, आतला प्रकार साधारण एकच असतो. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले, चार हजाराच्या वर गेले. दर महिन्याला सुंदर छापलेलं खोकं यायचं, वरती लेकीचं नाव, आत तीन ॲक्टिव्हिटी, सगळं मोजून पुड्यांमध्ये भरलेलं. पहिल्या महिन्यात सिंह होता. सिंहाचं तोंड आधीच कापलेलं, आयाळीच्या फेल्टच्या पट्ट्या आधीच कापलेल्या आणि मागे स्टिकरचा गोंद, डोळे तयार, मिशा तयार, आणि एक चित्रांचं पत्रक की आधी हे मग ते. लेकीनं पहिली पट्टी हनुवटीखाली लावली. पत्रकात ती कपाळावर होती. मी पट्टी काढून वर लावली, तिनं दुसरी लावली ती मी सरळ केली, आणि चौथ्या पट्टीला ती उठून गेली. उरलेला सिंह मी बसून पूर्ण केला आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी लिहिलं वा किती छान केलंय चिऊनं.

त्या रात्री मला ते खूप लागलं. सिंह छानच होता पण तिनं त्यात केलं काय होतं? दोन डोळे चिकटवले होते. पुढचे पाचही बॉक्स मी मुद्दाम लक्ष देऊन बघितले आणि दर वेळी तेच, विचार करायचं काम आधीच कोणीतरी करून ठेवलेलं, रंग ठरलेला, आकार ठरलेला, शेवटी काय दिसायला हवं तेही ठरलेलं, आणि ज्या कामाला बोटांत थोडं कौशल्य लागतं, म्हणजे कापणं, घडी घालणं, गाठ मारणं, ते एकतर मशीननं झालेलं नाहीतर पत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं की मोठ्यांनी मदत करा. तेव्हापासून मी माझ्यापुरतं एक माप ठरवलं, की वस्तू घरात आल्यावर माझा हात किती लागला आणि तिचा किती. या सगळ्या रिव्ह्यूला तेच माप लावलंय. बॉक्सला मी पाचात दीड देईन, आणि तो दीडही आतल्या सामानाला, कारण कागदाची क्वालिटी खरंच चांगली होती आणि आम्ही चौथ्या महिन्यानंतर पत्रक बाजूला ठेवून नुसतं सामान वापरलं तेव्हा ती दोन तास रमली.

अजून एक गोष्ट, घरात लहान भावंड असेल त्यांनी हे नीट वाचा. खोक्यावर तीन वर्षांपुढील लिहिलेलं असतं ते मुलाच्या अकलेसाठी नसतं, बारीक भाग घशात अडकू शकतात म्हणून असतं. आमच्या बॉक्समधले हलणारे डोळे सतरंजीवर सांडले आणि धाकट्यानं एक तोंडात घातला, बोट घालून काढला म्हणून निभावलं. टेस्टिंगला एक छोटं नळकांडं वापरतात ज्याचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो, त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याची. घरी ते नळकांडं नसतं पण टिश्यू रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी उरते ती थोडी मोठीच असते, त्यातून जे आरपार जाईल ते धाकट्यापासून लांब ठेवायचं, हे मी आता डोळे झाकून करते. आणि खेळणं विकत घेताना आयएसआय मार्क बघा, 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो बंधनकारक आहे.

आता पिशवी. माझी आई बालवाडीत शिक्षिका होती, तीस वर्षं. दिवाळीत ती आली, कपाटातले बॉक्स बघितले, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, चल जरा रविवार पेठेत जाऊन येऊ." आम्ही अप्पा बळवंत चौकातून चालत बोहरी आळीत गेलो आणि दीड तासात साडेचारशे रुपयांचं सामान घेतलं. त्यातलं थोडं अजून उरलंय. पतंगी कागद, घोटीव कागद, क्रेप कागद, जाड कार्डशीट पांढरं आणि खाकी, लोकरीचे उरलेसुरले गुंडे जे दुकानदारानं वजनावर दिले, सुतळी, आईस्क्रीमच्या काड्यांचं पुडकं, मास्किंग टेपचे तीन रोल, एक इंची सपाट ब्रश हार्डवेअरच्या दुकानातला, आणि पोस्टर कलरच्या फक्त चार बाटल्या, लाल पिवळा निळा पांढरा. मी म्हटलं आई बारा रंगांचा सेट घेऊ ना, फरक थोडाच आहे. ती म्हणाली, "मग हिरवा तिला कधी सापडणार?"

तो हिरवा सापडला तो दिवस मी विसरणार नाही. आमच्याकडे एक जुनं ॲल्युमिनियमचं आप्पेपात्र होतं, त्याला पोचे आलेले म्हणून माळ्यावर टाकलेलं, ते आईनं रंगाची ताटली म्हणून काढलं (आता त्यात परत कधी आप्पे करायचे नाहीत हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय). एकेका खळग्यात एकेक रंग, मधले खळगे रिकामे. लेकीनं ब्रश पिवळ्यात बुडवला, कागदावर एक जाड पट्टा ओढला, न धुता तोच ब्रश निळ्यात घातला आणि पट्ट्यावरून परत फिरवला. थांबली. ब्रश डोळ्यांजवळ नेऊन बघितला, मग कागद, मग परत ब्रश. "आजी, हिरवा आपोआप आला." आई म्हणाली, "हो का? परत येतो का बघ." त्यानंतर पाऊण तास त्या पोरीनं दुसरं काही केलं नाही, रिकाम्या खळग्यांमध्ये हिरवे केले, काही पोपटी झाले काही बाटलीसारखे गडद, शेवटी त्यात लाल पडला आणि सगळं मातकट झालं तेव्हा तिनं त्याला नाव दिलं चहा. बारा रंगांच्या डबीत हे होत नाही कारण हिरवा तयार असतो, उचलला की काम संपलं.

रंगांना पाचात पाच. डाग जातात, लगेच गार पाण्यात टाकायचं. सपाट ब्रशचे केस सुरुवातीला गळतात, पहिल्यांदा नळाखाली चोळून धुवा म्हणजे सुटे केस निघून जातात. लहान मुलांसाठी म्हणून मिळणारे बारीक ब्रश घेऊ नका, या वयात मुलं मनगट आणि खांदा वापरून रंगवतात, बोटांनी नाही, त्यांना जाड दांड्याचा आणि आखूड ब्रश लागतो. आणि रंगसुद्धा दर वेळी लागत नाही. आमच्या मागच्या गॅलरीत शहाबादी फरशी आहे, उन्हाळ्यात दुपारी चार वाजता ब्रश आणि तांब्याभर पाणी दिलं की फरशीवर ओलं काळंभोर चित्र उमटतं आणि तिच्या डोळ्यांदेखत वाळून जातं, मग ती परत काढते. खर्च शून्य, पुसायचं काही नाही, धाकटाही त्यात बसू शकतो.

कात्रीबद्दल जरा जास्त लिहिते कारण यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात आणि सगळ्यात जास्त घाबरतातही. पूर्ण प्लास्टिकची कात्री मी दोनदा घेतली, दोन्ही कचऱ्यात गेल्या. ती कागद कापत नाही, पात्यांच्या मध्ये कागद दुमडला जातो, आणि मुलाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. लेक रडली होती त्या कात्रीवर. पाती धातूची पण टोकं गोल असलेली छोटी कात्री घ्या, साठ-सत्तर रुपयांत येते. पहिल्या दिवशी कागद द्यायचाच नाही हे मला आईनं शिकवलं. कणकेच्या लांब वळ्या करून दिल्या आणि म्हणाली हे काप. कणीक मऊ, लगेच तुटते, तुकडा पडलेला दिसतो, कात्री उघडायची आणि मिटायची एवढंच हाताला कळतं. आठवडाभर तेच. मग जाड कार्डशीटच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या, एका कचक्यात आरपार जाईल इतक्याच रुंद. पातळ कागद कापायला अवघड असतो कारण तो लवतो, जाड कागद ताठ राहतो, हे मला आधी उलटं वाटायचं. मग पट्टी रुंद करत जायची म्हणजे दोन कचके, तीन कचके, आणि रेषेवर कापणं त्याच्याही नंतर.

हात उलटा धरायची सवय असते मुलांना, कोपर वर आणि अंगठा खाली. त्यावर आईची युक्ती अशी की अंगठ्याच्या नखावर एक लाल टिकली लावायची आणि सांगायचं, टिकली आकाशाकडे बघतेय का? कागद धरलेल्या हाताच्या अंगठ्यालाही एक. दोन टिकल्या दिसत राहिल्या की हात आपोआप सरळ. दहा दिवसांत सवय बसली. मूल डावखुरं असेल तर डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते ती शोधून घ्या, माझ्या मैत्रिणीचा मुलगा डावखुरा आहे, साध्या कात्रीत वरचं पातं उजव्या बाजूला येतं त्यामुळे डावखुऱ्या मुलाला कापायची रेषा पात्याआड जाते आणि दिसतच नाही. त्याला सगळे धांदरट म्हणत होते. नवी कात्री आली आणि आता तो आमच्या लेकीपेक्षा सरळ कापतो.

चिकटवायला फेविकॉल एमआर चांगलाच आहे, पण पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायचा तर वाळेपर्यंत धरून बसायला लागतं आणि चार वर्षांचं मूल दहा सेकंद धरेल, दहा मिनिटं नाही. म्हणून मोठ्या जोडणीला मास्किंग टेप. हाताने फाटते, चुकली तर निघते, तिच्यावर रंग बसतो, आणि मुख्य म्हणजे मला हाक मारावी लागत नाही. सेलोटेपचं टोक सापडत नाही आणि कटरचे दात लागतात, ती मुलांच्या हातात नकोच. मी टेपचे वीतभर तुकडे टेबलाच्या कडेला ओळीनं लटकवून ठेवते, ती ओढून घेते. हा चाळीस रुपयांचा रोल माझ्या लेखी वर्षातली सगळ्यात चांगली खरेदी आहे.

कागदाला कागद असेल तर खळ. मैदा दोन चमचे, वाटीभर पाणी, गुठळ्या मोडून मंद गॅसवर ढवळत राहायचं, पारदर्शक दिसायला लागली की उतरवायची. आकाशकंदिलाला पूर्वी घरोघरी हीच लावायचे. बोटांनी लावता येते, तोंडात गेली तर भीती नाही. एकच सांगते, जुन्या लोकांच्या कृतीत खळीत मोरचूद घालायला सांगतात म्हणजे कीड लागत नाही, पुस्तकबांधणीवाले घालायचे, तो विषारी आहे, मुलांच्या खळीत अजिबात घालू नका. तीन दिवसांत संपवा, फ्रीजमध्ये ठेवा, आंबट वास आला की फेकून द्या, परत करायला पाच मिनिटं लागतात.

मातीकामाचं. विकतच्या रंगीत प्ले-डोच्या, म्हणजे मऊ मातीसारख्या पिठाच्या, डब्या चांगल्या असतात पण महाग, आणि झाकण एकदा उघडं राहिलं की संपलं. घरची अशी करते, मैदा एक वाटी, मीठ अर्धी वाटी, पाणी एक वाटी, तेल एक चमचा, लिंबाचा रस दोन चमचे, सगळं एकत्र कढईत मंद आचेवर, गोळा सुटेपर्यंत. कोमट असताना तेलाच्या हातानं मळायचं. हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे मस्त राहते. मीठ भरपूर असल्यामुळे खायची नाही हे मुलांना स्पष्ट सांगायचं, आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब. पावसाळ्यात ती पाणी सोडते, माझी नणंद रत्नागिरीला आहे तिच्याकडे जुलैमध्ये टिकलीच नाही, तिथे तेवढ्यापुरती थोडीच करावी. शाडूची माती याहून छान, जड असते, बोटाचा ठसा नीट उमटतो, गणपतीच्या आधी पुण्यात कुठेही मिळते. पण फ्लॅटमध्ये तिचा पसारा फार, वाळली की पांढरी भुकटी होते, म्हणून ती आम्ही फक्त गॅलरीत.

डोला रंग आम्ही हळदीचा देतो. त्यात एक गंमत झाली. लेकीच्या फ्रॉकच्या घोळाला हळद लागली, तिनं साबणाचा हात पुसला आणि डाग लाल झाला. ती ओरडत आली, मला वाटलं बोट कापलं. आईनं शांतपणे तिला बसवलं आणि एका बशीत हळद, त्यात बोटभर खायचा चुना कालवून दाखवला, लालभडक. "पूर्वी कुंकू असंच करायचे गं." लेकीनं मग बशीत लिंबू पिळलं, परत पिवळं. चुन्याची बशी आईनं स्वतः हातात धरली होती, मुलांच्या हातात चुना देऊ नका, डोळ्यात गेला तर वाईट, साबणाच्या पाण्यानंही हळद अशीच लाल होते. कुठल्या सायन्स किटमध्ये हे इतकं छान जमलं असतं मला माहीत नाही.

आईनं तिच्या ट्रेनिंगच्या गोष्टी सांगितल्या त्या या निमित्तानं पहिल्यांदा नीट ऐकल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून डहाणूजवळच्या बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालवल्या, विकत आणलेली साधनं परवडणारी नव्हती आणि तिथल्या आदिवासी मुलांच्या ओळखीचीही नव्हती, म्हणून शंख शिंपले, बिया, खडे, पानं, माती, जे आजूबाजूला होतं त्याचीच साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथलाच. आई म्हणते आमच्याकडे दर सोमवारी मुलांनी वाटेत उचललेल्या वस्तूंची टोपली असायची. ती टोपली आम्ही सुरू केलीय. गुलमोहराच्या शेंगा, रिठे, वडाच्या पारंब्यांचे तुकडे, सगळं चालतं, फक्त दुधाच्या पिशव्यांचे कोपरे नकोत. बिया मात्र धाकट्याच्या हाताला येणार नाहीत इतक्या वर, आणि गुंज दिसली तर ती टोपलीत येऊच द्यायची नाही, दिसायला सुंदर पण विषारी असते.

अरविंद गुप्तांच्या टाकाऊतून टिकाऊ खेळण्यांबद्दलही बरेच जण विचारतात. ते बरीच वर्षं इथेच पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या वेबसाईटवर खेळण्यांची कृती आणि मराठी पुस्तकंसुद्धा फुकट आहेत. माझ्या वहिनीचा मुलगा तिसरीत आहे, तो काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे त्रिकोण-चौकोन करत बसतो, भारी आहे ते. पण नर्सरीच्या वयाला त्यातलं बरंचसं लवकर होतं, त्या ट्यूबचे तुकडे बारीक असतात. आमच्याकडे वर्तमानपत्राच्या टोप्या चालल्या, तेवढंच. तेही घड्या मी घातल्या, तिनं रंगवल्या, म्हणजे माझ्या मापात अर्धेच मार्क.

एक पैसे वाया गेलेलं वर्कशॉपही सांगून टाकते. मे महिन्यात तीन दिवसांचं होतं, नाव नको, एसी हॉल, वीस मुलं, वीस एकसारखी फुलपाखरं. प्रत्येक मुलाच्या मागे एक मदतनीस ताई उभी. लेकीनं फुलपाखराला एका बाजूला तीन पंख लावले तर ताईंनी प्रेमानंच एक काढून दुसरीकडे लावला. वाईट हेतू नव्हता त्यांचा, संध्याकाळी पालक बघायला येणार आणि सगळ्यांचं नीट दिसायला हवं, आम्हीच ते मागतो म्हणून ते देतात. मी पण सिंहाच्या वेळी तेच केलं होतं. दुसरीकडे दिवाळीत सोसायटीतल्या मोठ्या मुलांनी किल्ला केला, विटा, दगड, त्यावर गोणपाट आणि चिखल, त्यात हिला काम काय तर चिखल कालवायचा आणि हळीव टाकायचे. चार दिवस पहाटे उठून उगवले का बघायला जायची. पाचव्या दिवशी बुरुजावर हिरवं दिसलं तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं एक मावळा नेऊन त्या हिरवळीत झोपवला, म्हणाली दमलाय. मोठ्या पोरांनी तो तसाच ठेवला, उभा केला नाही. मला त्या मुलांचं फार कौतुक वाटलं.

खडूंचं थोडक्यात, जाड मेणाचे घ्या, आणि तुटले तर टाकू नका, छोटा तुकडा मुठीत धरताच येत नाही त्यामुळे आपोआप तीन बोटांची पकड येते. ऑईल पेस्टल कमी जोरात गडद उमटतात म्हणून मुलांना आवडतात पण भिंती आणि सोफा दोन्हीची वाट लागते. स्केचपेन आम्ही बंद केलेत. ग्लिटर आणूच नका, डोळ्यात जातं. ठशांसाठी भेंडीच्या देठाकडचे तुकडे जे आपण टाकतोच ते वापरा, सुंदर फुलं उमटतात, त्यासाठी चांगली भाजी कापायची गरज नाही.

आता सगळ्यात शेवटी पुठ्ठ्याची खोकी, जी विकत आणलीच नाहीत आणि जी सगळ्यात जास्त वापरली. ऑनलाईन ऑर्डरची खोकी मी पिना आणि लेबलं काढून पलंगाखाली ठेवते. जानेवारीत एक दिवस लेकीनं एक मध्यम खोकं घेतलं, बाजूंना दोन टिश्यूच्या नळ्या टेपनं जोडल्या, टेप दर वेळी उलटी चिकटायची आणि ती दर वेळी सोडवून परत लावायची, मी स्वयंपाकघरातून बघत होते, तीन वेळा उठावंसं वाटलं, उठले नाही. मग वरती बाटलीचं बूच लावलं आणि सगळ्यावर चहाच्या रंगाचा थर. मी विचारलं कुकर केलास का? कारण बूच शिट्टीसारखं दिसत होतं. ती म्हणाली, "कुकर नाही, कुकरचं घर आहे. शिट्टी झाली ना की त्याला भीती वाटते, मग तो इथे येऊन झोपतो." तिला स्वतःला लहानपणापासून शिट्टीची भीती आहे. कान झाकून पळते. मला हे घर म्हणजे काय ते कळायला एक क्षण लागला आणि मग मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणून विचारायचं नसतं गं हे काय केलंस म्हणून, नुसतं म्हणायचं, सांग मला याच्याबद्दल." मी आता तसंच म्हणते.

तर पैशांचा हिशोब असा, बॉक्स सहा महिन्यांचे चार हजारांच्या वर, वर्कशॉप दीड हजार, आणि पिशवी, कात्री, परत एकदा आणलेला टेप नि रंग धरून वर्षाचे नऊशे. बॉक्स कोणाला घ्यावा असं विचाराल तर ज्यांच्या गावात असा कागद-रंग मिळतच नाही, किंवा जे परदेशात आहेत आणि ज्यांना सामान गोळा करायला वेळच नाही, त्यांनी घ्यावा, पण पत्रक कपाटात ठेवून सामान मुलाच्या पुढे ओतावं. पुण्यातल्यांनी बोहरी आळीत सकाळी लवकर जा, दुपारनंतर गर्दीत मूल घेऊन चालवत नाही, गाडी लांब लावावी लागते. मुंबईतल्यांना क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला अब्दुल रहमान स्ट्रीटला हेच सगळं मिळतं. मुलाला बरोबर न्या, कागदाचा रंग त्यालाच निवडू द्या, आमच्या लेकीनं सगळे जांभळे घेतले होते आणि ते सगळे संपले.

कुकरचं घर अजून ओट्याखाली आहे, एक नळी सुटलीय ती तिनंच परवा पुन्हा लावली. रात्री झोपायच्या आधी ती खरा कुकर माझ्याकडून मागून घेते आणि त्यात ठेवते, सकाळी डाळ लावायला मी तिथूनच काढते. समोरच्या काकूंकडे पुढच्या आठवड्यात नवीन फ्रीज येतोय, त्याचं खोकं मागून ठेवलंय.